‘अस्तर’मधल्या रक्ताबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या ‘अस्तर’ या भयकथेच्या दुसऱ्या भागावरची तुमची प्रतिक्रिया वाचली आणि तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. तुम्ही मनापासून लिहिलंय, मीही तसंच लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मराठी भयकथेची ताकद न दाखवण्यात आहे, दार किलकिलं ठेवून वाचकाला बाहेर उभं करण्यात आहे. मी मात्र ‘सरळ खाटीकखाना उघडून बसले आहे’. फरच्या कोटाचा शाप ही परदेशी कल्पना आहे, मुंबईच्या घामात ती रुजत नाही. आणि आजच्या काळात शाप वगैरे दाखवणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणं.

ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी तीही सांगते. धारावीत चामड्याची जाकिटं शिवणारे एक मास्तर आहेत. मलबार हिलवरच्या एका घरातून त्यांच्याकडे मिंकच्या फरचा जुना लांब कोट येतो. सासूचा कोट, तो कापून धाकट्या सुनेसाठी आखूड जाकीट करायचं आहे. मास्तरांनी उचल घेतलीय आणि ती मुलीच्या फीमध्ये गेलीसुद्धा. ते अस्तर उसवायला बसतात. अस्तर सुटतं, खालची कातडी दिसते, आणि पहिली शिवण उसवल्यावर त्यांच्या मनगटाशी एक लाल रेघ उमटते. कोटाची शिवण जेवढी उसवावी तेवढीच त्यांची कातडी उसवत जाते, त्याच लांबीने, त्याच तिरकेपणाने. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. ते थांबत नाहीत. तुमचा आक्षेप नेमका या दोन पानांवर आहे.

त्या पानांवर रक्त आहे आणि भरपूर आहे. ते तिथे का आहे ते सांगते.

कथा लिहायच्या आधी मी धारावीत एका कारागिरांच्या शेजारी बसून फरची एक जुनी कॉलर उघडताना पाहिली होती. वरून हात फिरवला की बोटं आत बुडत होती, इतकी मऊ. त्यांनी ती पालथी घातली, अस्तराचे टाके काढले आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली. फर कात्रीने कापत नाहीत, हे मला तिथे कळलं. कात्रीने केस कापले जातात आणि कापलेली जागा वरून ओळखू येते. म्हणून पालथ्या बाजूने, कातडीच्या अंगाने, ब्लेडने नुसती कातडी चिरायची आणि केस बोटांनी वेगळे करायचे. वरून बघणाऱ्याला चीर कधीच दिसत नाही. आतल्या बाजूला पिवळट, कागदासारखी झालेली कातडी होती आणि तिच्यावर शिवणीच शिवणी होत्या. एकेका तुकड्याची रुंदी करंगळीच्या नखाहून कमी.

मिंक हा मुंगसाएवढाच प्राणी. त्याच्या एवढ्याशा कातडीतून गळ्यापासून घोट्यापर्यंत अखंड उतरणारा पट्टा कसा निघतो? तर ती कातडी काही मिलिमीटर रुंदीच्या तिरक्या पट्ट्यांमध्ये चिरतात, प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवरून थोडी खाली सरकवतात आणि पुन्हा शिवतात. कातडी अरुंद होते आणि लांबच लांब होते. पूर्ण लांबीच्या एका कोटाला असे पन्नास-साठ मिंक लागतात. म्हणजे एका कोटात हजारो चिरा असतात आणि हजारो शिवणी. त्या सगळ्यांवर रेशमी अस्तर चढवतात, आणि अस्तर लागलं की आत काय आहे हे कोट अंगावर घेणाऱ्या बाईलासुद्धा आयुष्यभर कळत नाही.

मास्तरांच्या दंडावरची तिरकी रेघ तिथून आली. मी ती रंगवून सांगण्यासाठी घातलेली नाही. कोट जसा शिवतात तसाच मास्तरांचा हात उसवला आहे, उलट्या क्रमाने.

आता सूचकतेबद्दल. तुम्ही ज्या थोर भयकथाकारांचा दाखला दिलात त्यांच्यावर मीही वाढले. रिकाम्या वाड्यात माडीवर पावलं वाजतात, तिथे लेखकाने माडी दाखवायची नसते हे मला मान्य आहे. तिथे काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. अज्ञात तेच भीतीचं मूळ असतं. पण फरच्या बाबतीत अज्ञात काहीच नाही. सगळं माहीत असलेली माणसं आहेत आणि त्यांनी ते झाकून ठेवलेलं आहे. हा सबंध धंदाच सूचकतेवर चालतो. पिंजऱ्यातल्या मिंकला गॅसच्या पेटीत मारतात. कोल्ह्याला विजेचा झटका देतात, एक टोक तोंडात आणि दुसरं गुदद्वारात. हे कशासाठी? कातडीवर ओरखडा उमटू नये, फरवर रक्ताचा थेंब पडू नये म्हणून. मारण्याची पद्धत प्राण्याकडे बघून ठरलेली नाही, दुकानातल्या आरशाकडे बघून ठरली आहे. रानात लावलेल्या लोखंडी सापळ्यात पाय अडकलेले प्राणी सुटण्यासाठी स्वतःचाच पाय कुरतडतात, हे सापळे लावणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. युरोपीय समुदायाने ते सापळे बंद करण्याचा नियम 1991मध्ये केला.

जिथे सगळ्यांनी मिळून रक्त पुसून ठेवलंय, तिथे मीही दार किलकिलं ठेवलं तर मी त्या दुकानदाराच्या बाजूने उभी राहिले असं होईल. ही कथा लिहिताना मला सर्वात जास्त भीती याचीच होती. त्यापेक्षा तुमच्यासारखा जाणता वाचक नाराज झालेला परवडला.

शाहतूशचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. अंगठीतून आरपार जाणारी शाल म्हणून मुंबईतल्या श्रीमंत लग्नांच्या बस्त्यांमध्ये ती कौतुकाने दाखवली जायची. विकणारे सांगायचे, तिबेटच्या पठारावर चिरू नावाचं हरीण झुडपांना अंग घासतं, काट्यांना अडकलेली लोकर माणसं वेचून आणतात. किती गोड गोष्ट आहे ही! चिरूची लोकर कातरून किंवा वेचून मिळत नाही, त्यासाठी त्याला मारावं लागतं. एका शालीला तीन ते पाच चिरू जातात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1979पासून संपूर्ण बंदी आहे, आपल्या वन्यजीव कायद्यात चिरू पहिल्या अनुसूचीत आहे, तरीही झुडपांची गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगितली जात होती. घेणाऱ्यांना ती खरी असायला हवी होती. काराकुल टोपीचंही तसंच. तिची ती कुरळी, चमकदार लव जन्मून दोन-चार दिवस झालेल्या कोकराचीच असते, कारण त्यानंतर ते कुरळेपण सुटतं. ही टोपी घातलेल्या प्रतिष्ठित माणसांचे फोटो आपण शाळेच्या पुस्तकांपासून बघत आलोय.

‘मराठी वाचकाला रक्त झेपत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही. मुंगसाची गोष्ट तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. बाई पाणी आणायला जाते, पाळण्यातल्या बाळाजवळ पाळलेलं मुंगूस असतं. ती परत येते तर मुंगूस दारात धावत येतं, तोंड रक्ताने माखलेलं. बाई घागर तिथल्या तिथे त्याच्यावर आपटते. आत बाळ खेळतंय आणि शेजारी सापाचे तुकडे. ही गोष्ट आपण चार-पाच वर्षांच्या मुलांना निजवताना सांगतो. त्या तोंडावरचं रक्त काढून टाका, सूचक करा, गोष्ट उरते का? बाईच्या हातून जे घडतं ते त्या रक्तामुळेच घडतं. ते रक्त बघून ती एका निरपराध प्राण्याला मारते आणि मग तिला आयुष्यभर त्या रक्ताचा अर्थ कळत राहतो. आपल्या आज्यांना रक्त कुठे दाखवायचं हे नेमकं माहीत होतं.

आणि परदेशी कल्पना? अहो, कातडीच्या मोहातून सर्वनाश ओढवल्याची सगळ्यात जुनी गोष्ट आपल्याच घरात रोज सांगितली जाते. पंचवटी नाशिकला आहे. तिथे सीतेला सोन्याचं हरीण दिसलं. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रामाला म्हणते की जिवंत सापडलं तर उत्तमच, पण तसं नाही सापडलं तर त्याचं कातडं तरी आण, मला त्यावर बसायला आवडेल. आपल्याकडच्या कीर्तनांत आणि बायकांच्या ओव्यांत त्या कातड्याची चोळी झाली. मी लहान असताना ही गोष्ट ऐकताना मला रावणाची भीती वाटली नव्हती. भीती वाटली होती ती बाण लागलेल्या हरणाच्या तोंडून रामाच्या आवाजात आलेल्या हाकेची. कातडीच्या आत कुणीतरी दुसरंच आहे, आणि मरताना ते आपल्या माणसाच्या आवाजात ओरडतं आहे. ‘अस्तर’मध्ये कोटाच्या आतून मास्तरांच्या मुलीचा आवाज येतो, तो प्रसंग तुम्ही ‘इंग्रजी सिनेमातून उचललेला’ म्हणालात. तो मारीचाचा आहे.

मुंबईच्या उकाड्याचा मुद्दा मला खरं म्हणजे आवडला, कारण कथा इथे घडते ती उकाड्यामुळेच. फर जिवंत असल्यासारखी जपावी लागते. थंड देशांतसुद्धा उन्हाळ्यात कोट शीतगृहात ठेवतात, जिथे हवेतला ओलावा मोजून राखलेला असतो. फार कोरडी हवा झाली की कातडी तडकते, फार दमट झाली की बुरशी धरते, गरमीत आतलं तेल सुकतं आणि केस झडायला लागतात. असा कोट तुम्ही मुंबईत एखाद्या लोखंडी कपाटात डांबरगोळ्या टाकून ठेवलात, चार महिने पाऊस, आठ महिने घाम, तर तो कोट तिथे पडून राहत नाही, पुन्हा एकदा कुजायला लागतो. त्याला कसर लागते. जुलैमध्ये कपाट उघडल्यावर जो वास येतो तो कापडाचा नसतो. एरवी चाळीस वर्षांपूर्वी मेलेला प्राणी लंडनच्या कपाटात मेलेलाच राहिला असता. मुंबईने त्याला पुन्हा मांस केलं. हे शहर सोडून मी ही कथा कुठे नेऊ?

घालतं कोण, असं विचारलंत. एसी हॉलमधल्या रिसेप्शनला घालतात, फोटोसाठी घालतात, स्वित्झर्लंडला जाताना घालतात. जानेवारी 2017पासून मिंक, कोल्हा आणि चिंचिलाच्या कातड्यांची भारतात आयात बंद आहे, म्हणूनच कथेतला कोट सासूच्या काळातला आहे.

राहिला शाप. इथे मला जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण अंधश्रद्धेचा आरोप मला लागला.

मंचुरिया, म्हणजे चीनचा ईशान्य भाग, आणि मंगोलिया इथल्या गवताळ माळांवर तारबगन नावाचा मार्मोट राहतो. खारीच्याच कुळातला, पण मांजराएवढा, बिळात राहणारा. तिथले जुने शिकारी एक नियम पाळत. जो तारबगन हळू चालतो, धडपडतो, माणूस दिसूनही पळत नाही, त्याला हात लावायचा नाही. कितीही सोपी शिकार असली तरी नाही. बाहेरच्या माणसाला हा नियम म्हणजे शुद्ध अंधश्रद्धा वाटली असती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्मोटची फर रंगवून तिला महागड्या फरसारखं रूप देता येऊ लागलं आणि तिचे भाव कडाडले. दूरदूरच्या प्रांतांतून हातावर पोट असलेले हजारो लोक शिकारीला आले. त्यांना नियम माहीत नव्हता. हळू चालणारं जनावर आधी पकडलं जायचं. ते सोलायचं, आणि रात्री दाटीवाटीच्या सरायांमध्ये एकमेकांना चिकटून झोपायचं.

तारबगनच्या अंगात प्लेगचे जंतू होते. 1910च्या शरद ऋतूत रशियाच्या सीमेजवळच्या रेल्वे गावात माणसं रक्त थुंकून मरायला लागली. फुप्फुसाचा प्लेग, खोकल्यातून पसरणारा, ज्याला झाला तो जवळजवळ वाचतच नसे. रेल्वेच्या मार्गाने तो हार्बिन शहरात पोचला. डॉक्टर वू लिएन-ते यांनी लोकांना कापडाचे जाड मास्क बांधायला लावले, आजाऱ्यांना वेगळं केलं. थंडी इतकी की जमीन गोठलेली, कबरी खणता येईनात. प्रेतांच्या आणि शवपेट्यांच्या रांगा शहराबाहेर नुसत्या पडून होत्या. शेवटी जानेवारी 1911च्या अखेरीस बादशाही परवानगी आणून हजारो प्रेतं सुरुंग आणि रॉकेल लावून एकत्र जाळली. वसंतापर्यंत सुमारे साठ हजार माणसं गेली.

हे सगळं फरच्या कॉलरीसाठी झालं. याला तुम्ही काय म्हणाल? मी विज्ञान नाकारत नाही. मी परळला वाढले, हाफकिन इन्स्टिट्यूटच्या भिंतीजवळून शाळेत जायचे. प्लेगची लस 1897मध्ये याच शहरात तयार झाली हे आम्हाला अभिमानाने सांगितलं जायचं. मांडवीत 1896मध्ये प्लेग सापडल्यानंतर या शहराची काय दशा झाली हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं होतं. म्हणून शाप आणि जंतू यांत मला भांडण दिसत नाही. त्या शिकाऱ्यांनी शाप म्हणून जे जपलं ते अनेक पिढ्यांनी मरून मिळवलेलं ज्ञान होतं, आणि ते मोडलं गेलं ते भावामुळे. टोप्यांसाठी सशाची लव पाऱ्याच्या क्षाराने भिजवायचे, त्या कारखान्यांतल्या कामगारांचे हात आयुष्यभर थरथरायचे, डोकी फिरायची. अमेरिकेत ती पद्धत बंद व्हायला 1941 उजाडलं. ज्याने टोपी घातली त्याला काही झालं नाही. ज्याने बनवली त्याला झालं. माझ्या कथेतही कोट सुनेला काहीच करत नाही, तो मास्तरांना फाडतो. तुम्ही हे ‘अन्याय्य’ म्हणालात. हो, ते अन्याय्यच आहे, आणि मला ते तसंच लिहायचं होतं.

जमिनीतून मिंक वर येतात तो प्रसंग तुम्ही अतिशयोक्ती म्हणून बाजूला काढलात. नोव्हेंबर 2020मध्ये डेन्मार्कच्या सरकारने देशातले सगळे पाळीव मिंक मारायचा आदेश काढला, कारण त्यांच्यात करोनाचा बदललेला विषाणू सापडला होता. दीड कोटीहून जास्त जनावरं. आदेशाला कायद्याचा आधारच नव्हता हे नंतर उघड झालं आणि शेतीमंत्र्यांना जावं लागलं. लाखो मिंक पश्चिम डेन्मार्कमध्ये लष्कराच्या जमिनीवर चरांमध्ये पुरले होते. माती वाळूची, थर पातळ. काही दिवसांत कुजण्याच्या वायूंनी प्रेतं फुगली आणि माती ढकलून वर आली. पुढच्या वर्षी ती सगळी उकरून काढून जाळावी लागली. मी फक्त जागा बदलली आणि ते मिठी नदीच्या काठावरच्या भरावातून वर आणले. बाकी काही वाढवलेलं नाही.

तुमची एक गोष्ट मात्र मला नीट ऐकायची आहे. तुम्ही लिहिलंत की रक्ताच्या दोन पानांनंतर तुम्हाला मास्तरांबद्दल काहीच वाटेनासं झालं, फक्त किळस उरली. दुसऱ्या एका वाचक ताईंनी नेमकं उलट लिहिलंय. मास्तर थांबत का नाहीत या एका विचाराने त्या रात्रभर जाग्या होत्या. मी तुमच्या दोघांच्या प्रतिक्रिया शेजारी ठेवून ती पानं परत वाचली. ती पानं तशीच राहणार आहेत. पण मास्तर मशीन बंद करून मुलीला फोन लावतात आणि ती उचलत नाही, ते वाक्य तुम्हाला दिसलं का, की तोवर तुम्ही पान उलटलं होतं?

तिसरा भाग शुक्रवारी टाकते आहे. त्यात मुलगी कोट घेऊन मलबार हिलवर जाते, आणि सांगून ठेवते, दुसऱ्या भागापेक्षा तिथे जास्त रक्त आहे. सुरुवातीला तशी सूचना लिहीन, म्हणजे ज्यांना नको ते मधला भाग सोडून शेवटच्या संवादाकडे जाऊ शकतील. तो संवाद तरी तुम्ही वाचाच. सासू आणि मास्तरांची मुलगी समोरासमोर बसतात, आणि सासूला सगळं आधीपासून माहीत असतं की नाही यावर माझं आणि माझ्या पहिल्या वाचकाचं अजून एकमत झालेलं नाही. तुमचं मत हवंय.